खिदमत कुणाच्या वाट्याची?

२०२२ च्या पावसाळ्यात अब्बांना लकवा मारला. गोंदियाच्या दवाखान्यातून त्यांना दवनीवाड्याला घरी आणले, तेव्हा डॉक्टरांनी बजावले होते, दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर पाठीला जखमा होतील. मी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो. कूस बदलली ती माझ्या पत्नीने.

तीही शिक्षिका. एका खासगी शाळेत होती. त्या वर्षी तिच्या रजा वाढल्या आणि वर्षअखेरीस तिला सांगण्यात आले, "मॅडम, तुम्ही आधी घर सांभाळा." पुढे दुसरीकडे मुलाखतीला गेली, तर विचारले गेले, घरी आजारी कोण आहे? आजारी माणूस माझा बाप होता. मला मात्र हा प्रश्न कुणी विचारला नाही.

पाहुणे यायचे, म्हणायचे, "बहू असावी तर अशी!" मलाही ऐकून बरे वाटायचे. आज मनात येते, सेवेला सवाब म्हणायचे आणि ती एकाच माणसावर टाकायची, हा न्याय आहे काय?

आईवडिलांची खिदमत करण्याचा हुकूम औलादीला आहे. अनेक उलेमा स्पष्ट सांगतात, सासू-सासऱ्यांची सेवा ही सुनेची नेकी आहे, तिच्यावर ती फर्ज नाही. देशाचा कायदाही वेगळे बोलत नाही. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठी २००७ साली झालेल्या कायद्यात 'मुले' म्हणजे मुलगा, मुलगी, नातू आणि नात. सुनेचे नाव त्यात नाही. म्हणजे कर्ज माझे होते. ते तिच्या नोकरीतून फिटले.

कायद्याने स्त्रीला काहीच दिले नाही, असे नाही. एअर इंडियाच्या हवाई सेविकेला पहिल्या गरोदरपणातच नोकरी गमवावी लागे. नर्गेश मिर्झा खटल्यात १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती अट रद्द केली. २०१७ मध्ये पहिल्या दोन मुलांसाठी प्रसूती रजा १२ वरून २६ आठवड्यांची झाली. पण पाळण्यापुढे कायद्याची नजर अंधुक होते. स्त्री म्हणून भरतीत डावलायला मनाई आहे, "घरी आजारी कोण?" असे विचारून डावलले तर बोट कशावर ठेवायचे?

महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये महिला कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची बालसंगोपन रजा दिली. पुरुषाला ती केव्हा? पत्नी हयात नसेल किंवा अंथरुणाला खिळली असेल तेव्हा. हेतू चांगलाच आहे. पण बाई धडधाकट असेतो बापाने मूल सांभाळायचे कारण नाही, असा त्याचा अर्थ निघतो. आणि रजा बाईचीच असली, की नोकरी देणारा बाईलाच टाळतो. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून आप्ताच्या शुश्रूषेसाठी वर्षाला एक आठवड्याची रजा स्त्री-पुरुष दोघांनाही मिळते. ती बिनपगारी आहे, थोडी आहे. पण तिच्यात आजाऱ्याजवळ कोणी बसायचे हे आधीच ठरवलेले नाही.

कुणी म्हणेल, मायेचा हिशेब कायद्याने करायचा का? मायेचा करू नये. पण माया केली म्हणून जिची रोजी गेली, तिचा हिशेब कुणीतरी केलाच पाहिजे. आणि तो घरापासून सुरू झाला पाहिजे.

गेल्या वर्षी अब्बांची तब्येत पुन्हा बिघडली. या वेळी मी रजेचा अर्ज लिहिला. कारण लिहिले, 'वडिलांची शुश्रूषा'. अर्ज वाचून एक सहकारी सहज म्हणाले, "का हो सर, घरात बायका नाहीत का?"

त्यांचा राग आला नाही. तीन वर्षांपूर्वी मीही हेच विचारले असते.