विहीर, तहान आणि रहाट

तहान लागल्यावर विहीर खणू नये, असे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले असते. या म्हणीशी वाद घालण्याचे धाडस मी सहसा करणार नाही. पण संगणकाच्या पोटात काम करणाऱ्या मंडळींनी ही म्हण अर्धीच पाळली आहे, आणि त्यात मला एक जुना नैतिक प्रश्न दिसतो: संकट येण्याआधी माणसाने किती जागे राहावे?

संगणक सुरू होताच जो मूळ प्रोग्रॅम साऱ्या कारभाराचा ताबा घेतो, त्याला कर्नेल म्हणतात. मेमरी कोणाला द्यायची, कोणते काम आधी करायचे, हे तोच ठरवतो. कारभारात कुठे चूक झाली तर ती शोधण्याची साधनेही त्याच्यातच ठेवलेली असतात. लिनक्सच्या कर्नेलमध्ये ‘पेज ओनर’ नावाचे असे एक साधन आहे. मेमरीचे कोणते पान कोणी, कोणत्या वाटेने येऊन नेले, याची नोंद ते ठेवते. मात्र ही वही आपण होऊन उघडत नाही. यंत्र सुरू करतानाच तसे सांगावे लागते. या नोंदींना लागणारा एक तक्ता पूर्वी, कोणी वापरो वा न वापरो, ६४ बिटांच्या यंत्रात ८ मेगाबाइट जागा अडवून बसत असे. २०२२ मध्ये ही रीत बदलली. आता कोणी मागितला तरच तो तक्ता मांडला जातो.

आठ मेगाबाइट म्हणजे आज किरकोळ रक्कम. पण प्रश्न रकमेचा नाही. ती कोणी भरायची, याचा आहे. एखाद्याच्या यंत्रातला दोष सापडावा म्हणून निरोगी यंत्रांनी रोज भुर्दंड का सोसावा? घरातही पै-पैचा जाब रोज विचारणारा माणूस दक्ष असेल, परंतु त्या घरात कोणी मोकळा श्वास घेत नाही.

याला दुसरी बाजू आहे. संशय आल्यावर वही उघडली, तर तिच्यात कालचे काहीच सापडत नाही. मग तीच चूक पुन्हा घडण्याची वाट पाहत बसावे लागते.

४ जुलै १९९७ रोजी ‘पाथफाइंडर’ यान मंगळावर उतरले आणि काही दिवसांत त्यावरचा संगणक मध्येच थांबून पुन्हा सुरू होऊ लागला. दोष शोधण्याची साधने यानाच्या प्रोग्रॅममध्ये मुद्दाम ठेवलेली होती, पण तिथे ती वापरात नव्हती. त्यांतली काही पृथ्वीवर पाठवता येईल त्याहून अधिक माहिती काढत. अभियंत्यांनी पृथ्वीवरच्या जुळ्या यंत्रावर तोच प्रोग्रॅम चालवला, साधने जागी केली आणि दोष पकडला. महत्त्वाचे काम एका किरकोळ कामाने अडवून धरलेल्या गोष्टीसाठी खोळंबत होते, आणि मधलीच कामे पुढे सरकत होती.

आता याच्या उलट उदाहरण पाहा. लिनक्समध्ये ‘केडंप’ नावाची सोय आहे. कर्नेल कोसळला की एक दुसरा छोटा कर्नेल उठतो आणि पहिल्याच्या अखेरच्या स्थितीची नोंद वाचवतो. त्याची जागा मात्र आधीच राखून ठेवावी लागते. इथे आळस चालत नाही, कारण कोसळलेल्याकडे भरवशाने जागा मागता येत नाही.

या दोन उदाहरणांतून मला एक कसोटी सापडते. जे संकटानंतरही मिळू शकेल, ते खुशाल पुढे ढकलावे. जे संकटच हिरावून नेणार आहे, ते आधी बाजूला काढून ठेवावे. पेटीतले मोडी कागद पुढच्या वर्षीही पेटीतच असतील. ते वाचू शकणारे आजोबा असतीलच असे नाही. म्हणून कागदांची चळत नीट लावणे राहिले तरी चालेल, आजोबांजवळ बसणे राहू नये.

दक्षता म्हणजे अखंड पहारा, असे मला वाटत नाही. पाहणे निराळे आणि पाहण्याची सोय राखणे निराळे. विहीर तहानेआधी खणावीच. पण तहान नसताना दिवसभर रहाट ओढत बसू नये.