इफ्ताहाच्या मुलीचं काय करायचं?

बायबलमधल्या ‘शास्ते’ या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात इफ्ताह नावाचा सरदार लढाईला निघताना देवाला नवस बोलतो: जिंकून परतलो की घराच्या दारातून जे आधी सामोरं येईल, त्याचं होमार्पण करीन. तो जिंकतो. दारातून डफ वाजवत, नाचत येते ती त्याची एकुलती एक मुलगी. बाप अंगावरचे कपडे फाडतो आणि वर तिलाच बोल लावतो, की तू मला मातीत घातलंस. ती वाद घालत नाही. मैत्रिणींबरोबर दोन महिने डोंगरात जाऊन रडून येते आणि नवस फेडला जातो. मुलाचा बळी द्यायला निघालेल्या अब्राहामाचा हात धरणारा देवदूत इथे फिरकत नाही. मुलीचं नावही कुणी लिहून ठेवलेलं नाही.

बीड जिल्ह्यात ही गोष्ट परकी वाटू नये. इथे बाप मुकादमाकडून उचल घेतो. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, त्यामुळे पोरीचं लग्न शाळा संपायच्या आत उरकतं. शब्द बापाचा, फेड पोरीची. आणि ती जन्मालाच येऊ नये अशी सोय करणारेही इथे होते: 2011 च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे जिल्ह्यात 807 मुली होत्या.

लहानग्यांना माझ्याकडे येऊ द्या, असं सांगणाऱ्या ख्रिस्ताच्या अनुयायांनी या अध्यायाचं काय करायचं? रविवारच्या पाठांत तो सहसा येत नाही. सारवासारव मात्र जुनी आहे. दावीद किम्ही या मध्ययुगीन यहुदी भाष्यकाराने मुलगी मारली गेली नाही, फक्त आजन्म कुमारी राहिली, असा अर्थ लावला. मला तो पटत नाही. बापाने नवसाप्रमाणे केलं, असं मूळ कथा सरळ सांगते. अपत्यबळी निषिद्ध आहे हे मोशेचं नियमशास्त्रही स्पष्ट सांगतं. म्हणजे झगडा ग्रंथाच्या आतच आहे.

मराठीत हा झगडा पंडिता रमाबाईंच्या टेबलावर येऊन पडला असणार. धर्मशास्त्रं एकमेकांशी कितीही भांडली तरी बाई वाईट आणि मोक्षाला अपात्र, यावर त्यांचं एकमत आहे, असं त्यांनी 1907 च्या आपल्या साक्षीत लिहिलं. 1883 मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला, त्यामागे ख्रिस्त आणि शोमरोनी स्त्री यांच्या भेटीची गोष्ट होती. पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अख्खं बायबल मराठीत आणलं. 1922 मध्ये त्या गेल्या. ते छापून आलं 1924 मध्ये. शोमरोनी स्त्री त्यात आहे, तशी इफ्ताहाची मुलगीही.

रमाबाईंनी नंतर बायबल सबंधच देववाणी मानलं. त्यांच्याशी माझा वाद इथेच आहे. शास्त्रं बाईला काय देतात, या मापाने त्यांनी ती तपासली, आणि हे माप बाप्तिस्म्याच्या आधीच, कलकत्त्यात धर्मशास्त्रं वाचताना, त्यांच्या हातात आलं होतं. दुसऱ्याच्या ग्रंथाला लावलेलं माप आपल्या ग्रंथापाशी येताच खाली ठेवायचं, हे न्यायाचं नाही. खुद्द येशूनेही ते खाली ठेवलेलं दिसत नाही. घटस्फोटाची मोशेची परवानगी तुमच्या अंतःकरणाच्या कठीणपणामुळे होती, असं त्याने परूशांना तोंडावर सांगितलं. शोमरोनी गावावर स्वर्गातून अग्नी पाडू का, असं शिष्यांनी विचारलं, एलीया संदेष्ट्याने तसं केल्याचा दाखला हाताशी होता, तरी त्याने त्यांनाच दटावलं. धर्मग्रंथातला दाखला म्हणून प्रत्येक गोष्ट त्याने खपवून घेतली नाही.

अडचण पुढेच आहे. नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्रात विश्वासवीरांच्या यादीत इफ्ताह मानाने बसला आहे. मुलगी तिथे नाही. उलट ‘शास्ते’ सांगतं, की इस्राएलाच्या मुली दरवर्षी चार दिवस तिच्यासाठी शोक करत. यादी आणि शोक दोन्ही पवित्र शास्त्रातच आहेत, आणि शोक करणाऱ्यांना धन्य म्हणणारं येशूचं डोंगरावरचं प्रवचन मनात ठेवून वाचलं तर मला त्या मुलींचा शोक यादीपेक्षा अधिक ख्रिस्ती वाटतो.