वही कोण पाहणार?

नीटचा निकाल लागला की लातूर-नांदेडमध्ये दरवर्षी एकच चर्चा नव्याने सुरू होते: ऑनलाइन बरे की ऑफलाइन? लातूरच्या ट्यूशन एरियात खोली घेऊन, मेसचा डबा खाऊन दोन वर्षे काढायची, की देगलूर-अहमदपूरला घरीच राहून मोबाईलवर तोच अभ्यास करायचा? एक बाजू खर्चाचे गणित मांडते, दुसरी ‘वातावरणा’चे. मूल शिकते तेव्हा नेमके काय घडते, हा प्रश्न दोघांनाही पडत नाही.

या वादातील काही मतांवर वेळ घालवण्याचे कारण नाही. मोबाईलने पिढी बिघडली, ही तक्रार वर्तनाची आहे, शिक्षणाची नाही. टॅब वाटून प्रश्न सुटेल असे मानणाऱ्यांनी कुलूप लागलेले शालेय संगणक कक्ष आठवावेत. उत्तर द्यायला हवे ते तिसऱ्या मताला, कारण ते समतेची भाषा बोलते. इंटरनेटने अंतर मिटवले, असे ते सांगते. कोट्याच्या मुलाला शिकवणारा शिक्षक आज किल्लारीच्या मुलीलाही मिळतो; ज्याला शिकायचे तो शिकेल, शेजारी कोणी असण्याची गरज उरली नाही.

मराठवाड्याला हे मत भावते, यात नवल नाही. अंतर हा आपला जुना अनुभव आहे. नांदेडचे पीपल्स कॉलेज १९५०चे, तिथले विद्यापीठ तर १९९४चे. वैद्यकीय प्रवेशातील ७०:३० या प्रादेशिक कोट्याच्या सूत्राचे दुखणे २०२० साली ते रद्द होईपर्यंत घरोघरी बोलले गेले. म्हणून या मतातील खरे ते आधी मान्य करतो. ज्या मुलीला घरचे लातूरला पाठवत नाहीत, तिला सेंद्रिय रसायनशास्त्राचे उत्तम व्याख्यान ऐकता येते, न कळलेला भाग पुन्हा लावता येतो. ही लहान गोष्ट नाही.

पण मिटले ते कोणते अंतर? शिक्षकाचे बोलणे विद्यार्थ्यापर्यंत पोहोचले. विद्यार्थ्याची चूक शिक्षकापर्यंत पोहोचण्याची सोय त्यात नाही. तालमीत वस्ताद डाव दाखवतो त्याला फार वेळ लागत नाही. पाय चुकीचा पडला की तिथेच थांबवतो, म्हणून तो वस्ताद. हा दुसरा भाग वगळून उरते त्याला शिकवणे म्हणायला मी तयार नाही.

‘मुले आपली आपण शिकतात’ या मताचा सर्वांत प्रसिद्ध आधार म्हणजे शिक्षणसंशोधक सुगत मित्रा यांचा प्रयोग. १९९९ साली त्यांनी दिल्लीच्या कालकाजीत भिंतीत संगणक बसवला आणि वस्तीतली मुले तो वापरायला कोणी न शिकवता शिकली. इथवर सगळे सांगतात. पुढचे सहसा कोणी सांगत नाही. तामिळनाडूतील कालीकुप्पम गावात मुलांसमोर जैवतंत्रज्ञानाची सामग्री ठेवली, तेव्हा मुले स्वबळावर तीस टक्क्यांच्या आसपास पोहोचली. मग विषय न येणारी एक तरुणी त्यांच्या मागे उभी राहून विचारू लागली, हे काय केलेस, मला दाखव बरे. गुण पन्नासपर्यंत गेले. मुलांचे काम कोणीतरी पाहत होते आणि त्यांना ते समजावून सांगावे लागत होते. शिक्षकाची गरज संपल्याचा पुरावा म्हणून सांगितल्या जाणाऱ्या कामातच माणसाची गरज इतकी स्वच्छ दिसते.

या मताच्या बाजूने नांदेडचेही उदाहरण देता येईल. विचारवंत नरहर कुरुंदकर परीक्षांत अडखळले आणि ज्ञान वर्गाबाहेर मिळवले. पण त्यांचे वाचन एकट्याचे नव्हते. हैदराबादेत मामा, ना. गो. नांदापूरकर यांचे घर होते. नांदेडात अखंड वाद घालणारी मंडळी होती. मांडलेले मत खोडून काढणारा माणूस समोर असे. स्वयंशिक्षण म्हणून आपण ज्याचा गौरव करतो, ते बहुधा असे चार जणांच्या कसोटीला उतरलेले असते.

लातूर पॅटर्नकडेही मला याच नजरेने पाहावेसे वाटते. राजर्षी शाहू महाविद्यालयात प्राचार्य जनार्दन वाघमारे यांच्या काळात तो आकाराला आला. त्यावर घोकंपट्टीचा आरोप झाला आणि तो सर्वस्वी खोटा नाही. तरीही अभ्यासक्रम लवकर संपवून सराव परीक्षांचा सपाटा लावायचा, या पद्धतीत उत्तरपत्रिका तपासून हातात परत येत होती. कुठली पायरी गाळली, कुठे व्याख्या निसटली, हे लाल शाईत दिसत होते. पुढे आधी सीईटी आली, २०१७ पासून नीट सक्तीची झाली. १८० प्रश्न, ७२० गुण, भरायचे फक्त गोळे. तपासली जाणारी वही नाहीशी व्हायला इथून सुरुवात झाली. इंटरनेटने ती पूर्णत्वाला नेली.

यावर कोणी म्हणेल, ॲपवर रोज टेस्ट होते, निकाल क्षणात लागतो. खरे आहे, पण तिथे तपासले जाते ते उत्तर. सरळ वर फेकलेला चेंडू सर्वोच्च बिंदूवर क्षणभर थांबतो, तेव्हा त्याचे त्वरणही शून्य असते, असे पुष्कळ मुलांना वाटते. असा मुलगा पर्याय चुकतो, सोडवलेले उत्तर पाहतो, ‘सिली मिस्टेक’ म्हणून पुढे जातो. गैरसमज तसाच राहतो. कधी तर चुकीच्या वाटेनेच बरोबर पर्याय सापडतो आणि चार गुण मिळतात. उत्तर तपासणे आणि वाट तपासणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझा सारा आग्रह या एका भेदापुरता आहे.

तो मान्य केला तर ऑनलाइन-ऑफलाइन हा वाद उरत नाही. शेकडो मुलांच्या बॅचमध्ये मागच्या बाकावर बसलेल्या रिपीटरची वही लातुरातही कोणी पाहत नाही. उलट २०२०-२१ मध्ये शाळा बंद असताना जिल्हा परिषदेच्या अनेक शिक्षकांनी वहीच्या पानांचे फोटो व्हॉट्सॲपवर मागवले, चुकीच्या ओळीवर खूण करून परत पाठवले. इंटरनेटचा इतका योग्य वापर मोठमोठ्या ॲपनाही जमलेला नाही. यंत्र वही वाचत असेल, तर त्यालाही हीच कसोटी लावू.

म्हणून पालकांनी फी भरण्याआधी एवढेच विचारावे: माझ्या मुलाने वहीत सोडवलेले गणित आठवड्यातून किती वेळा आणि कोण पाहणार? आणि शाळा-महाविद्यालयांनी वह्या तपासण्याचे तास शिक्षकाच्या कार्यभारात व्याख्यानाइतकेच धरावेत. हे खर्चाचे काम आहे, वेळखाऊ आहे, आणि त्याची जाहिरात करता येत नाही. पण मराठवाड्यातल्या मुलांना आता व्याख्यानांची टंचाई नाही. टंचाई आहे ती त्यांची चूक शांतपणे वाचणाऱ्या माणसांची, आणि पैसा, वेळ व मनुष्यबळ तिथेच लागले पाहिजे.