लैंगिक शिक्षण : शाळा आधी, घर बरोबरीने

मुलांच्या लैंगिक शिक्षणाची जबाबदारी आईवडिलांची की शाळेची, या वादात घराच्या बाजूने बोलणारे भरल्या घराचे चित्र मनात धरतात. झाशीजवळच्या बबीना छावणीत ते चित्र टिकत नाही. लष्करातली मराठी कुटुंबे दर दोन-तीन वर्षांनी बिऱ्हाड हलवतात. वडील अनेकदा सीमेवर असतात आणि आजी, आत्या, मावशी दूर गावी. मुलीला पहिली पाळी आली की कुजबुजत का होईना, चार गोष्टी सांगण्याचे काम या बायका करत. छावणीत ते एकट्या आईवर येते आणि तिला स्वतःलाही ‘अडचण आली, शिवू नको’ यापलीकडे कोणी काही सांगितलेले नसते. मुलगे तर त्या कुजबुजीच्याही बाहेरच राहिले.

अशा मुलांच्या आयुष्यात शाळा हीच त्यातल्या त्यात स्थिर गोष्ट. बबीनाहून बदली कुठेही झाली तरी केंद्रीय विद्यालयात पुस्तक तेच राहते. एनसीईआरटीच्या सातवीच्या नव्या विज्ञान पुस्तकात किशोरावस्थेवर स्वतंत्र प्रकरण आहे. मात्र अनेक मुलींना अकराव्या-बाराव्या वर्षी, म्हणजे सहावीतच पाळी येते. धडा येईपर्यंत भीती येऊन गेलेली असते. उत्तर प्रदेश सरकारने हा विषय नववी ते बारावीत शिकवला जातो असे सांगितले, तेव्हा ऑक्टोबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो त्याहून लहान वयापासून शिकवायला हवा असे मत नोंदवले. ते रास्तच आहे.

शाळेला हे काम देण्यास विरोध जुना आहे. 2005 मध्ये केंद्राने किशोरवयीन शिक्षण कार्यक्रम आणला आणि 2007 मध्ये महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी तो थांबवला. पुस्तिकांतल्या चित्रांवर आमदार संतापले होते. 2009 मध्ये राज्यसभेच्या याचिका समितीनेही शाळेतल्या लैंगिक शिक्षणाविरुद्ध कौल दिला. संस्कृती घर सांभाळील, हा त्यामागचा विश्वास. तो किती पोकळ होता, हे मराठी समाजाला फार आधी कळायला हवे होते. र. धों. कर्वे यांनी 1927 पासून 1953 मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे लैंगिक विषयांवरचे मासिक चालवले. त्यात शंका विचारणारे वाचक मोठी माणसे होती आणि त्यांनाही आईवडील होतेच. वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून 1934 मध्ये कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू लढवली, तरी दंड झालाच.

शाळेच्या बाजूचे सर्वांत जड कारण वेगळेच आहे. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाच्या 2007 च्या पाहणीत 53 टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले. अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे मुलांच्या ओळखीचे, विश्वासातले होते. धोका घराच्या उंबऱ्याच्या आतच असेल तर शिक्षण फक्त घरावर सोपवणे म्हणजे मुलाची वाट बंद करणे. लैंगिक अत्याचाराविरुद्धचा 2012 चा पॉक्सो कायदा मुलांसाठी आहे. पण आपल्यासोबत घडले ते गैर आहे आणि ते सांगता येते, एवढे तरी मुलाला ठाऊक हवे. शिकवल्याने मुले बिघडतात, या भीतीला आधार नाही. युनेस्कोच्या 2018 च्या मार्गदर्शिकेत जमवलेला पुरावा सांगतो की अशा शिक्षणाने मुले लवकर लैंगिक संबंधांकडे वळत नाहीत.

तरी शाळेला सगळे जमत नाही. प्रजननाचा धडा ‘घरी वाचून या’ म्हणून सोडणारे शिक्षक आजही आहेत. शिवाय पन्नास मुलांसमोर कोणी मनातली शंका विचारत नाही. तीन-चार वर्षांच्या मुलाला अंघोळ घालताना अवयवांची खरी नावे सांगणे, कोणी कुठे हात लावू नये हे समजावणे, आणि पुढे मुलाने भलत्या वेळी विचारलेल्या प्रश्नावर न रागावणे, हे घराचेच काम. त्यासाठी पालकांना पदवी लागत नाही, धीर लागतो.

म्हणून माहितीची हमी शाळेने घ्यावी, तीही पाचवीपासून आणि शिक्षकांना प्रशिक्षण देऊन. पालकांनी पुढच्या पालकसभेत गुणपत्रिका हातात घेताना एवढे जरूर विचारावे : हा धडा यंदा कोण शिकवणार आहे, आणि कधी?