शहराबाहेर पडताना कोणती वाट?



येत्या प्रायश्चित्तकाळात आपल्या धर्मग्रामातून रमेदी मातेपर्यंत पदयात्रा काढायची, असे गेल्या महिन्यातील बैठकीत ठरले. वार ठरला, निघायची वेळ ठरली, पाण्याची व्यवस्था कोण पाहणार हेही ठरले. घोडे अडले ते वाटेवर. काहींचे म्हणणे, सरळ हमरस्त्याने जावे. तो जवळचा आहे आणि आपली यात्रा चार लोकांच्या नजरेस पडेल. काहींचे म्हणणे, तो बाजार, त्या रिक्षा आणि तो धूर कशाला? वाड्यांमधून जाणारा आतला रस्ता घ्यावा. थोडे अंतर वाढेल, पण सावली मिळेल आणि जपमाळ शांतपणे म्हणता येईल. त्यावर मागच्या बाकावरून एक मावशी म्हणाल्या, "आपण यात्रेला चाललोय की पिकनिकला?" सगळे हसले आणि बैठक संपली.

माझ्या डोक्यातून मात्र तो प्रश्न गेला नाही. कारण तोच प्रश्न २०२३ सालच्या मे महिन्यात माझ्यापुढे एकदा येऊन गेला होता, तोही फार दूर, पोर्तुगालमधील पोर्तो शहरात.

त्याचे असे झाले. माझ्या थोरल्या बहिणीने धाकट्या मुलाच्या आजारपणात नवस केला होता की, मुलगा बरा झाला तर स्पेनमधील सांतियागो येथे संत याकोबाच्या कबरीपर्यंत पायी जाईन. मुलगा बरा झाला. पण पहाटेच्या लोकलने मुंबईला भाजी नेणाऱ्या बाईला सांतियागोला जायला सवड कुठली? नवस राहिला आणि २०२१ साली ती गेली. दोन वर्षांनी भावोजी म्हणाले, "तिचे देणे मी फेडतो. तू येतोस का?" मी गेलो.

पोर्तोहून सांतियागो आतल्या मार्गाने सुमारे २४० किलोमीटर आहे. तेथील कॅथेड्रलसमोर उभे राहिले की पिवळे बाण दिसतात. ते बाण धरून निघाले की दिवसभर शहर संपतच नाही. दुकाने, गोदामे, कारखाने, मग माइया नावाचे उपनगर, मग उंच दगडी भिंतींमधून जाणारे अरुंद रस्ते. पायाखाली ग्रॅनाइटचे चौकोनी दगड आणि कित्येक ठिकाणी पदपथच नाही. मोटारी अंगाला घासून जातात. दुसरी वाट कॅथेड्रलपासून खाली दोरू नदीवर उतरते. नदीच्या काठाने तिच्या मुखापर्यंत जायचे आणि तिथून अटलांटिक महासागर डाव्या हाताला ठेवून उत्तरेकडे चालत राहायचे. वाळूच्या टेकड्यांवरून लाकडी फळ्यांची वाट केली आहे. अंतर जास्त, पण वारा, लाटा आणि मोकळे आकाश. तिसरा उपाय म्हणजे मेट्रोत बसून शहर ओलांडायचे आणि चालायला पुढे सुरुवात करायची. पुष्कळजण तेच करतात.

गंमत अशी की सांतियागोला जे प्रमाणपत्र मिळते, त्यासाठी शेवटचे १०० किलोमीटर चालले तरी पुरते. पोर्तोतून बाहेर पडताना तुम्ही कोणत्या वाटेने गेलात, हे कोणीही विचारत नाही. तो दिवस फक्त आपला आणि आपल्या सदसद्विवेकबुद्धीचा.

मी म्हणालो, "भावोजी, समुद्राने जाऊ. आपण समुद्राकाठची माणसे."

ते म्हणाले, "नवस आरामाचा नसतो रे. आपल्या गोन्सालो गार्सियांना कुणी विचारले होते का, वाट कोणती आवडेल म्हणून?"

यावर काय बोलणार! वसईच्या या संताला आणि त्यांच्या साथीदारांना १५९७च्या जानेवारीत कान कापून क्योटो शहरातून फिरवण्यात आले आणि मग ऐन थंडीत नागासाकीपर्यंत नेण्यात आले. महिनाभराची ती वाटचाल ५ फेब्रुवारीला क्रुसावर संपली. त्यांच्यापुढे माझा समुद्राचा वारा फारच हलका वाटू लागला. तरी मी हट्ट सोडला नाही आणि भावोजींनीही नाही. शेवटी असे ठरले की, दोघांनी आपापल्या वाटेने जावे आणि दुसऱ्या दिवशी सां पेद्रू द रातेश या गावातील जुन्या चर्चपाशी भेटावे. तिथे किनाऱ्याकडून येणारी एक वाट आतल्या मार्गाला मिळते. बहिणीच्या नवसासाठी आलेले आम्ही दोघे पहिल्याच सकाळी दोन दिशांना निघालो, याचे मला थोडे वाईट वाटले. थोडेच. नदीवर उतरलो आणि विसरलो.

दिवस सुंदर गेला, हे कबूल केले पाहिजे. नदीच्या मुखाशी पोचेपर्यंत माझी एक जपमाळ पूर्ण झाली होती. मन शांत होते. मनात मी भावोजींवर विजयही मिळवून टाकला होता. मग मातोझीन्युश आले. हे मासेमारांचे गाव आहे. रस्त्यावर कोळशाच्या शेगड्या मांडून मासे भाजत असतात आणि तो वास आपल्या माणसाला ओळखीचा वाटतो. तिथे किनाऱ्यावर ब्राँझच्या पुतळ्यांचा एक समूह आहे. पाच माणसे, बहुतेक बायका, समुद्राकडे तोंड करून उभी. कुणाचे हात वर, कुणी गुडघ्यांवर, चेहऱ्यावर आकांत. १९४७च्या डिसेंबरच्या सुरुवातीला वादळात चार बोटी बुडाल्या आणि १५२ मच्छीमार परत आले नाहीत, त्यांच्या घरच्यांचे हे स्मारक. ते २००५ साली उभारले गेले.

मी तिथे बराच वेळ उभा राहिलो. आपल्या किनाऱ्यावरही असे हात वर केलेले मी लहानपणी पाहिले आहेत. आणि मग एक गोष्ट ध्यानात आली. सकाळपासून मला बहिणीची एकदाही आठवण झाली नव्हती. ज्या बाईसाठी मी इतक्या दूर आलो, ती त्या छान वाऱ्यात कुठेच नव्हती.

पुढे तेलशुद्धीकरणाचा २०२१ साली बंद पडलेला एक मोठा कारखाना लागतो आणि मग लाकडी वाट सुरू होते. रात्री लाब्रूज गावात मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी दुपारी रातेशला पोचलो, तर भावोजी चर्चच्या पायरीवर बूट काढून बसले होते. दोन्ही टाचांना फोड आले होते.

"झाली का जपमाळ?" मी विचारले. थोडे खोचकपणेच.

"कसली जपमाळ! ट्रक आला की भिंतीला चिकटून उभे राहायचे. एक दशकही धड पूर्ण झाले नाही. नमो मरिया अर्धी राहायची." मग जरा थांबून म्हणाले, "पहाटे एका बसथांब्यावर चार-पाच बायका होत्या. कामाला निघालेल्या असतील. त्यातली एक पिशवीवर पाय ठेवून बसल्या बसल्या झोपली होती. तुझी बहीण गाडीत अशीच झोपायची."

ते पुढे काही बोलले नाहीत, मीही नाही. मासे खाताना काढलेले फोटो दाखवायचे मनात होते. मोबाईल खिशातच ठेवला.

तेव्हापासून मी या गोष्टीचा विचार करतो आहे. सुखद वाट निवडणे हा दोष आहे का? माझे मत आजही 'नाही' असेच आहे. ज्या पिवळ्या बाणांना भावोजी जणू देवाची आज्ञा मानत होते, ते बाण रंगवण्याची सुरुवात १९८०च्या दशकात फादर एलियास वालिन्या यांनी केली. स्पेनच्या डोंगरातील सेब्रेरो या गावचे ते धर्मगुरू. कुठे वळायचे हे एका धर्मगुरूने आणि त्यांच्या मागून आलेल्या स्वयंसेवकांनी ठरवले. जुन्या काळचा यात्रेकरू तर आपल्या घराच्या दारातून निघायचा. पूल कुठे आहे, चोर कुठे नाहीत आणि भाकर कुठे मिळेल ते पाहून जायचा. खडतर वाट शोधून काढायला त्याला वेळ नव्हता. पंढरीच्या पालख्यांचा मार्ग ठरलेला असतो, ती शिस्त वेगळी. आपल्याकडे तशी परंपरा नाही, म्हणून आपल्याला निवडावे लागते.

आणि गोन्सालो गार्सियांचे? त्यांनी ती वाट निवडली नव्हती, ती त्यांच्यावर आली आणि त्यांनी ती स्वीकारली. वाट्याला आलेला क्रूस उचलणे आणि स्वतःसाठी एखादा क्रूस बनवून घेणे यांत अंतर आहे. दुसऱ्या प्रकारात आपण किती सोसले याचा हिशेब ठेवण्याचा मोह फार होतो. भावोजींना तो मोह झाला नाही. मला झाला असता.

पण माझ्या समुद्राच्या वाटेची बाजूही तितकी स्वच्छ नाही. यरुशलेमहून यरीहोकडे उतरणाऱ्या रस्त्याचा दाखला आपण दरवर्षी ऐकतो. याजक, लेवी आणि शोमरोनी, तिघांचा रस्ता एकच होता. पहिल्या दोघांनी रस्ता बदलला नाही, फक्त बाजू बदलली. जखमी माणूस जवळून दिसू नये एवढीच त्यांची सोय. शहराबाहेर पडण्याची सुखद वाट शोधताना आपण नेमके काय टाळतो आहोत, हे मी पोर्तोत स्वतःला विचारले नव्हते. धूर टाळत असू, तर ठीक. भरधाव ट्रक टाळत असू, तर ते शहाणपणच. लेकुरवाळ्या बायका आणि म्हातारी माणसे घेऊन पदपथ नसलेल्या रस्त्यावर चालणे याला मी तरी प्रायश्चित्त म्हणणार नाही. पण बसथांब्यावर झोपलेली बाई टाळत असू, तर?

उलट अम्माऊसला निघालेल्या त्या दोघा शिष्यांची वाट रम्य होती की रखरखीत, याबद्दल संत लूक काहीच सांगत नाही. ते दुःखी होते आणि बोलत होते, एवढेच सांगतो. प्रभू त्यांना वाटेत गाठतो तेव्हा ते त्याला ओळखतही नाहीत. समुद्रावर मी जपमाळ म्हणत होतो, पण बोलत कुणाशीच नव्हतो. भावोजी निदान तिच्याशी बोलत असावेत. हे मी त्यांना विचारलेले नाही.

रातेशनंतर आम्ही सांतियागोपर्यंत एकत्र चाललो, बाणांच्या मागे. त्या वाटेवर जंगले आली, द्राक्षांचे मांडव आले आणि स्पेनमध्ये पोरिन्योच्या औद्योगिक वसाहतीपाशी पुन्हा तोच प्रश्न आला. तिथे कारखान्यांचा सरळ रस्ता टाळून नदीकाठाने जाणारी वाट आहे. या वेळी भावोजीच म्हणाले, "चल, झाडीतून जाऊ. पाय दुखतात." मी काही बोललो नाही.

आता आपल्या पदयात्रेविषयी. माझी सूचना अशी आहे. पहाटे निघाल्यावर पहिला टप्पा बाजारातून आणि स्टेशनजवळून घ्यावा. त्या वेळी वाहने कमी असतात आणि भाजीवाल्या, दूधवाले, रात्रपाळीहून येणारी माणसे भेटतात. तिथे लाऊडस्पीकर लावू नये. नंतर आत वळून वाड्यांच्या रस्त्याने जावे आणि जपमाळ तिथे सुरू करावी. मावशींना हे पटेल की नाही, ठाऊक नाही. येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर सभागृहात पुन्हा बैठक आहे, तेव्हा त्यांनी जरूर यावे. भावोजीही येणार आहेत. गुडघ्यामुळे त्यांना सगळे अंतर चालता येणार नाही. बाजारापर्यंत येईन म्हणाले.