किती मतैक्य पुरेसे?

विटनबर्गच्या नगरचर्चमध्ये लुकास क्रानाखच्या कार्यशाळेत घडलेले एक वेदीचित्र आहे. मार्टिन ल्यूथरच्या मृत्यूनंतरच्या वर्षी, म्हणजे १५४७ साली, ते तिथे बसवले गेले. त्याच्या तळाच्या आडव्या फळीवर जे रंगवले आहे, त्यापाशी माझे मन पुनःपुन्हा रेंगाळते. एका टोकाला व्यासपीठावर ल्यूथर उभा आहे, त्याचा एक हात उघड्या धर्मग्रंथावर आणि दुसरा समोर रोखलेला. दुसऱ्या टोकाला स्त्रिया, मुले, वृद्ध नागरिक दाटीवाटीने जमलेले. आणि या दोहोंच्या मध्ये, ओक्याबोक्या दगडी भिंतींनी वेढलेल्या त्या मोकळ्या अवकाशात, क्रूसावरचा ख्रिस्त. वक्त्याचे बोट त्या मधल्या आकृतीकडे आहे. ल्यूथरच्या धर्मचिंतनावर ग्रंथालये भरतील इतके लिहिले गेले, पण प्रवचन म्हणजे काय हे त्या फळीइतके थोडक्यात कुणी सांगितल्याचे मला आठवत नाही: बोलणाऱ्याचे कर्तृत्व बोट दाखवण्यापुरते, ऐकणाऱ्याचे डोळे वर करण्यापुरते, आणि उरलेले सारे त्या दोघांच्या मधल्या जागेत घडते, जी त्या दोघांपैकी कुणाचीच नसते.

ज्या माणसाने छापखान्यांना उसंत मिळू दिली नाही, त्याने चर्च हे लेखणीचे नसून मुखाचे घर आहे असे मानावे, ही गोष्ट विचित्र वाटते खरी. त्याची दोन हजारांहून अधिक प्रवचने आज आपल्यापर्यंत पोहोचली आहेत, आणि त्यांतली कितीतरी त्याने स्वतः लिहिलेलीच नाहीत. गेओर्ग रोरर नावाचा एक चिकाटीचा श्रोता खाली बसून, अर्धे लॅटिनमध्ये अर्धे जर्मनमध्ये, स्वतःच्या संक्षिप्त खुणांनी ती टिपून घेत असे. उच्चारलेल्या शब्दावर ल्यूथरचा एवढा भर का, याचे मूळ त्याच्या मनुष्यस्वभावाच्या आकलनात आहे. माणूस स्वतःभोवती वळलेला असतो, आपल्या पुण्याईचेही तो आरसे करतो, आणि म्हणून आपल्याला क्षमा झाली आहे ही गोष्ट त्याला आतून कधीच खात्रीने कळू शकत नाही. ती बाहेरून, दुसऱ्या कुणाच्या तरी आवाजात, कानांवर यावी लागते. केवळ कृपेने, केवळ विश्वासाने माणूस नीतिमान ठरतो, हा त्याचा प्रसिद्ध सिद्धान्त मुळात या ऐकण्याच्या अनुभवाचे शास्त्रीय रूप आहे. आपल्या परंपरेतही नवविधा भक्तीत श्रवणाला पहिले स्थान आहे, आणि समर्थांनी दासबोधाच्या चौथ्या दशकाचा आरंभ त्यानेच केला. पण तिथे श्रवण ही साधकाने चढायची पहिली पायरी आहे. ल्यूथरच्या दृष्टीने मात्र पुढे पायऱ्या नाहीतच. जे व्हायचे ते ऐकतानाच होते, आणि उद्या पुन्हा नव्याने ऐकावे लागते, कारण रात्रीतून माणूस पुन्हा स्वतःकडे वळलेला असतो.

शब्दाच्या या सामर्थ्याचा प्रत्यय त्याला १५२२च्या मार्च महिन्यात आला. वार्टबुर्गच्या गडावरील अज्ञातवास सोडून तो विटनबर्गला परतला तेव्हा गावात सुधारणेचा उन्माद चढला होता. मूर्ती फोडल्या जात होत्या, जुने विधी दांडगाईने बंद पाडले जात होते. त्याने ओळीने आठ दिवस आठ प्रवचने दिली आणि गाव शांत झाले. सुधारणा योग्य आहेत, पण दुर्बलांना ओढत नेऊ नका, हे त्या प्रवचनांचे सार. आपण काहीच केले नाही, आपण मित्रांबरोबर बसून बिअर पीत होतो आणि सारे काम वचनानेच केले, अशा आशयाचे जे मिस्कील उद्गार त्याने तेव्हा काढले, त्यांत विनय किती आणि अभिमान किती, हे मला अजून ठरवता आलेले नाही. आठ वर्षांनी, १५३०च्या प्रारंभी, हाच माणूस याच गावच्या निगरगट्ट श्रोत्यांवर रुसला आणि काही काळ त्याने व्यासपीठावर पाऊल ठेवायचेच नाकारले. वचन सर्व काही करते, पण करेलच असा भरवसा नाही. प्रवचनकाराच्या आयुष्यातले हे दुःख कुठल्याही सिद्धान्ताने हलके होत नाही.

आणि तेच मुख विषही ओकले. १५२५ साली बंडखोर शेतकऱ्यांना ठेचून काढा असे त्याने राजेरजवाड्यांना लिहिले. १५४३ साली ज्यूंविरुद्ध जे लिहिले ते आजही वाचवत नाही, आणि मृत्यूच्या काही दिवस आधी आइसलेबेनमध्ये दिलेल्या अखेरच्या प्रवचनांनाही त्याच द्वेषाची पुरवणी जोडलेली होती. विटनबर्गच्या ज्या चर्चमध्ये क्रानाखचे ते चित्र आहे, त्याच चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर तेराव्या शतकापासून ज्यूंची विटंबना करणारे एक शिल्प आहे. ल्यूथरने त्याचा उल्लेख आनंदाने केला होता. ते काढून टाकावे या मागणीवर जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०२२ साली निर्णय दिला की, खाली बसवलेल्या स्मृतिफलकासह ते जागेवर राहू शकते. आत ते चित्र, बाहेर हे शिल्प, मध्ये एक भिंत. माणूस एकाच वेळी नीतिमान आणि पापी असतो, हे ल्यूथरचेच वचन त्याला इतक्या निर्दयपणे लागू पडावे, याची त्याला कल्पना नसावी. जागतिक ल्यूथरन महासंघाने १९८४ साली बुडापेस्टच्या अधिवेशनात त्याच्या या ज्यूविरोधी लेखनापासून स्वतःला जाहीरपणे वेगळे केले. उशीर झाला, फार उशीर झाला; पण आपल्या मूळपुरुषाविरुद्ध असे बोलू शकणाऱ्या परंपरा जगात थोड्याच आहेत.

ऐकण्याने माणसे जोडली जातात, तर ऐकणाऱ्यांची चर्चे इतकी तुटकी का, हा प्रश्न इथून टाळता येत नाही. १५२९च्या ऑक्टोबरात मारबुर्गच्या गडावर हेसेचा संस्थानिक फिलिप याने ल्यूथर आणि झुरिचचा ट्स्विंगली यांना समोरासमोर बसवले. दोघेही रोमपासून दुरावलेले, दोघेही वचनाचे अभिमानी. चर्चेच्या आरंभीच ल्यूथरने मेजावर खडूने ‘हे माझे शरीर आहे’ या अर्थाचे लॅटिन शब्द लिहून ठेवले आणि वरून मखमली आच्छादन पसरले. पुढे पुरावा मागितला गेला तेव्हा आच्छादन उचलून त्याने बोट ठेवले. पंधरा कलमांपैकी चौदा कलमांवर दोन्ही पक्षांचे एकमत झाले. पंधराव्यातही बरेचसे जुळले होते. प्रभुभोजनाच्या भाकरीत ख्रिस्ताचे शरीर प्रत्यक्ष असते की नाही, एवढे राहिले. ट्स्विंगलीच्या डोळ्यांत पाणी होते असे सांगतात. ल्यूथरने बंधुत्वाचा हात दिला नाही. दोन वर्षांनी ट्स्विंगली कापेलच्या रणांगणावर मारला गेला. चित्रातले बोट आणि मेजावरचे बोट एकाच हाताचे आहे, ही गोष्ट मला अस्वस्थ करते: एक बोट माणसांना एकत्र आणते, दुसरे त्यांना उठून जायला लावते, आणि दोन्ही वेळा ते ज्याकडे दाखवते ते एकच असते.

नवल असे की, मारबुर्गनंतर पुढच्याच वर्षी याच ल्यूथरन मंडळींनी ऐक्याची अतिशय उदार व्याख्या केली. २५ जून १५३० रोजी ऑग्जबर्ग येथे सम्राट पाचव्या चार्ल्ससमोर ल्यूथरचा सहकारी मेलांख्थोन याने रचलेली विश्वासकबुली वाचली गेली. ल्यूथर बहिष्कृत असल्याने दूर कोबुर्गच्या गडावर बसून होता. त्या कबुलीचे सातवे कलम सांगते की, चर्चच्या खऱ्या ऐक्यासाठी शुभवर्तमानाची शिकवण आणि संस्कारविधी यांवर एकमत झाले की ते पुरेसे आहे. माणसांनी घालून दिलेल्या रूढी आणि सोहळे सर्वत्र सारखे असण्याची गरज नाही. एका ओळीत मावेल एवढी अट! तेव्हापासूनची ल्यूथरन परंपरेची कथा ही मला त्या एका ओळीशी चाललेली झटापट वाटते. ‘एवढे पुरे’ असे म्हणणे हे बुद्धीचे काम नसून निःशंकतेचे आहे, आणि निःशंकता तर कुणाच्याच संग्रही नसते. मग माणूस शिकवणीच्या व्याख्येला व्याख्या जोडत जातो, आणि कमीत कमी म्हणून सांगितलेल्या अटीत सारे जग मावेनासे होते.

सत्तेने ऐक्याचे काम हाती घेतले तेव्हा काय झाले, तेही इतिहासात नोंदलेले आहे. प्रशियाचा राजा तिसरा फ्रिडरिष विल्हेल्म स्वित्झर्लंडातील धर्मसुधारणेतून आलेल्या रिफॉर्म्ड पंथाचा, त्याची राणी लुईझ ल्यूथरन. पतिपत्नींना एका मेजावर प्रभुभोजन घेता येत नसे. ही बोच मनात ठेवून राणीच्या पश्चात त्याने १८१७ साली, धर्मसुधारणेच्या तीनशेव्या वर्षी, दोन्ही पंथांचे एकीकरण जाहीर केले. हेतू किती कोवळा! पण पुढे एकच उपासनापद्धती राजाज्ञेने लादली गेली. १८३४च्या नाताळच्या सुमारास साइलेशियातील ह्योनिगर्न गावचे चर्च सैनिकांनी बळाने उघडले, पाळक तुरुंगात गेले, आणि १८३८ साली ऑगस्ट काफेल या पाळकाबरोबर कितीतरी कुटुंबे जहाजात बसून दक्षिण ऑस्ट्रेलियाला निघून गेली. प्रेमातून जन्मलेले ऐक्य संगिनीच्या टोकावर गेले की त्याचे काय होते, हे त्या जहाजांनी सांगितले.

उलट संकटाने जे जुळले ते टिकाऊ निघाले. १९३४च्या मे अखेरीस, हिटलरच्या सत्तेला दीड वर्षही झाले नव्हते तेव्हा, बार्मेनमध्ये ल्यूथरन, रिफॉर्म्ड आणि संयुक्त चर्चांचे प्रतिनिधी एकत्र आले आणि ख्रिस्ताखेरीज दुसऱ्या कुठल्याही नेत्याचा शब्द चर्च देवाचा शब्द म्हणून ऐकणार नाही, असे त्यांनी एकमुखाने जाहीर केले. कोणाचे ऐकायचे नाही हे एकत्र ठरले आणि चारशे वर्षांचे अंतर क्षणभर मिटले. तरी काही ल्यूथरन पंडितांना हेदेखील पुरले नाही. एर्लांगेनच्या वेर्नर एलर्टसारख्यांनी दोनच आठवड्यांत आपल्या पंथाच्या शुद्धतेचा हवाला देत बार्मेनला विरोध केला आणि नव्या राजवटीत देवाची व्यवस्था पाहिली. विद्वत्ता भित्री असली की ती काटेकोर होते, असे माझे मत या प्रसंगावरून अधिक घट्ट झाले आहे. त्याच वर्षी गांधीजींनी एका तरुण जर्मन पाळकाला आपल्या आश्रमात येऊन राहण्याचे निमंत्रण दिले होते. तो डिट्रिष बोनहोफर. तो येऊ शकला नाही. बाल्टिकजवळच्या फिंकनवाल्डे येथे त्याने पाळकांसाठी एक विद्यालय चालवले, जे १९३७ साली गेस्टापोने बंद केले. तिथला एक नियम मला फार मोलाचा वाटतो: उपासनेत एखाद्या विद्यार्थ्याने प्रवचन दिले, ते कितीही कच्चे आणि अडखळते असो, तरी त्याची चिरफाड करायची नाही, नम्रपणे ऐकायचे. आठ वर्षांनी, ९ एप्रिल १९४५ रोजी, बोनहोफरला फ्लोसेनब्युर्गच्या छळछावणीत फाशी दिले गेले.

भारतात तर ही भांडणे जहाजाने आली, आणि गंमत अशी की त्यांच्या आधी सलोखा आला. १७०६ साली त्सिगेनबाल्ग आणि प्ल्युत्शाउ हे जर्मन ल्यूथरन तरुण डेन्मार्कच्या राजाच्या आश्रयाने तरंगंबाडीला उतरले, आणि त्यांच्या कार्याला पैसा आणि छापखाना मिळाला तो इंग्लंडमधल्या अँग्लिकन मंडळाकडून. सिद्धान्तांचा मेळ कुणी घातला नव्हता, काम मात्र चालले. पुढे ऐक्याचे करार झाले तेव्हा ल्यूथरन बाहेर राहिले: १९४७ साली मद्रासला दक्षिण भारत चर्च स्थापन झाले तेव्हाही, आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी आपल्या नागपुरात सहा चर्चांनी एकत्र येऊन उत्तर भारत चर्च स्थापन केले तेव्हाही. दक्षिणेत वाटाघाटी वर्षानुवर्षे चालल्या, सहमतीची निवेदनेही निघाली. छोटा नागपूरच्या आदिवासी ल्यूथरनाला किंवा आंध्रातल्या दलित ल्यूथरनाला मारबुर्गच्या खडूशी काय देणेघेणे, असे मनात येते. पण परंपरा ही उसनी घेतली तरी चार पिढ्यांत आईच्या आवाजात बोलू लागते, आणि मग ती सोडणे म्हणजे घर सोडणे ठरते. हे लक्षात न घेणारे ऐक्याचे पुरस्कर्ते मला थोडे उथळ वाटतात.

मारबुर्गचा हिशेब अखेर बाझेलजवळच्या लॉयनबेर्ग टेकडीवर १९७३च्या मार्चमध्ये मिटला. ल्यूथरन आणि रिफॉर्म्ड चर्चांनी मान्य केले की, पूर्वजांनी परस्परांना दिलेले दोष आजच्या समोरच्या माणसाला लागू होत नाहीत; कबुल्या ज्याच्या त्याच्या राहतील, व्यासपीठ आणि मेज मात्र एक. ऑग्जबर्गच्या सातव्या कलमाचा इतका सरळ उपयोग त्याआधी कुणी केला नव्हता. चारशे चव्वेचाळीस वर्षे लागली. रोमबरोबरचा मूळ वाद, माणूस नीतिमान कसा ठरतो हा, ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्जबर्ग येथेच संयुक्त घोषणापत्रावर सह्या होऊन मिटवला गेला. त्याआधी जर्मनीतील दीडशेहून अधिक धर्मशास्त्राच्या प्राध्यापकांनी निषेध नोंदवला होता, हे ओघानेच आले. पुढे मेथडिस्ट, अँग्लिकन आणि रिफॉर्म्ड चर्चांनीही त्या घोषणापत्राशी सहमती दर्शवली.

सातवे कलम प्रामाणिकपणे वाचायचे तर एवढे मतैक्य एका मेजासाठी पुरेसे आहे, आणि अडून राहण्याचा दोष आता एकट्या रोमचा किंवा एकट्या विटनबर्गचा नाही, असे माझे मत आहे. ३१ ऑक्टोबर २०१६ रोजी स्वीडनमधील लुंडच्या कॅथेड्रलमध्ये पोप फ्रान्सिस आणि ल्यूथरन महासंघाचे पॅलेस्टिनी अध्यक्ष बिशप मुनीब युनान शेजारी-शेजारी उभे राहिले, आणि त्यांनी सही केलेल्या निवेदनात, सारे आयुष्य एकत्र घालवूनही प्रभूच्या मेजावर ज्यांना एकत्र बसता येत नाही त्यांच्या वेदनेचा उल्लेख आहे. त्या दिवशी एकत्र प्रार्थना झाली आणि प्रवचने दोन झाली, एक पोपचे आणि एक महासंघाचे सरचिटणीस मार्टिन युंगे यांचे. प्रभुभोजन झाले नाही.