खानेसुमारींतले पूर्वज

माझी एक जुनी विद्यार्थिनी लग्न होऊन इंग्लंडांत स्थायिक झाली आहे. गेल्या दिवाळींत ती गिरगांवास माहेरीं आली, तेव्हां मला भेटावयास येतांना तिनें एका कागदाची नक्कल बरोबर आणली होती. तो १९११ सालच्या तिकडील खानेसुमारीचा तक्ता होता, आणि तो भरला होता तिच्या इंग्रज यजमानांच्या पणजोबांनीं, स्वतःच्या हातानें. बायकोचें वय, लग्नास झालेलीं वर्षें, मुलें किती झालीं, त्यांतलीं जिवंत किती, हें सारें त्या गृहस्थानें ठसठशीत अक्षरांत लिहिलें होतें. एका मुलाचें नांव लिहून मग खोडलेलें होतें. तें मूल आधींच वारलेलें होतें. गणती जिवंतांची आहे, हें लिहितांना बापाच्या ध्यानांत राहिलें नसावें.

“सर, आमच्या पणजोबांचा असा कागद मुंबईंत कोठें मिळेल?” तिनें विचारलें.

मिळणार नाहीं, असें मला सांगावें लागलें. मुंबई शहराची शिरगणती १८६४ सालीं झाली, तींत ८,१६,५६२ माणसें भरलीं; कापसाच्या तेजीचे ते दिवस. तेजी ओसरल्यावर १८७२ सालीं आंकडा ६,४४,४०५ वर आला. पुढें १७ फेब्रुवारी १८८१ रोजीं सगळ्या देशाची गणती एकाच वेळीं झाली, आणि तेव्हांपासून दर दहा वर्षांनीं दारावर नंबर घालून, रात्रीं कंदील घेऊन, गणकांनीं घरें पालथीं घातलीं. परंतु सरकारला हवीं होतीं तीं कोष्टकें, नांवें नव्हेत. १९०१ सालीं तर प्रत्येक माणसाची हकीकत एकेका चिठ्ठीवर उतरूं लागले, आणि धर्मागणिक चिठ्ठीचा रंग निराळा ठेविला. बेरजा झाल्या, ग्रंथ छापले गेले, आणि नांवांचे तक्ते नष्ट करण्यांत आले. इंग्लंडांतले १९३१ चे तक्ते १९४२ च्या डिसेंबरांत आगींत जळाले, ती दैवगति. आपले काम संपलें म्हणून रीतसर गेले.

तेव्हां आमचे पूर्वज बेरजेंत आहेत. १८९१ सालीं मुंबईंत ८,२१,७६४ माणसें होतीं आणि १९०१ सालीं ७,७६,००६. मधल्या काळांत, १८९६ सालीं, प्लेग आला. जी घट दिसते तींत मेलेले आहेत आणि कोंकणांत पळालेलेहि आहेत. माझे पणजोबा रत्नागिरी जिल्ह्यांतून परळास आलेले. ते त्या ७,७६,००६ मध्यें असतील किंवा नसतील.

ही हानि आहे काय? माझें पहिलें उत्तर, नाहीं, असें होतें. दारांत उभ्या असलेल्या सरकारी माणसाला भीत भीत दिलेलीं तीं उत्तरें. आपल्या १९४८ च्या कायद्यानेंहि जनगणनेच्या नोंदी कोणास पाहावयास मिळत नाहींत व पुरावा म्हणून चालत नाहींत. इंग्रज तेंच वचन शंभर वर्षांनीं फिटलें असें मानतो. पण वचन दिलें एकाला, आणि फिटलें असें म्हणणार दुसरा, हें कसें? आमचे तर्कशास्त्राचे एक सहाध्यापक म्हणतात कीं मेलेल्यांना हितच नसतें, मग त्याचा भंग कोठला? हें मला पटत नाहीं. मृत्युपत्र आपण मानतोंच ना!

तथापि याच १९११ सालची एक गोष्ट माझ्या मताला अडचण करते. मत नाहीं तर मोजदादहि नाहीं, असें म्हणून तिकडच्या कित्येक स्त्रियांनीं त्या गणतीवर बहिष्कार घातला. एमिली डेव्हिसन ही बाई त्या रात्रीं पार्लमेंटच्या इमारतींतच लपून राहिली. ती सांपडली आणि मोजली गेली. इतकेंच नव्हे, तर बिऱ्हाडीं घरमालकिणीनेंहि तिचें नांव लावलें, म्हणून ती दोनदां मोजली गेली! आज तिच्या त्या अवज्ञेचा पुरावा म्हणून तीच नोंद लोक कौतुकानें दाखवितात.

माझ्या घरचा प्रश्न याहून बारीक आहे. पणजोबा गिरणींत कारकून होते, एवढेंच आमच्याकडे सांगत. १९२१ च्या गणतींत मुंबईच्या दर शंभर माणसांतलीं ८४ माणसें शहराबाहेर जन्मलेलीं होतीं. हा आंकडा मीं वर्गांत अनेकदां सांगितला आहे. एकदां मात्र सहज मनांत आलें कीं, बायकामुलें गांवीं ठेवून आलेलीं हीं माणसें जेवत कोठें असत? नव्वदी गांठलेली आत्या दादरला असते, तिला विचारलें.

“कोठें म्हणजे? लालबागला, आमच्या आजीकडे,” ती म्हणाली. “वीस-वीस माणसांची पंगत उठायची. आजीची खाणावळ होती. अरे, तुझ्या आजोबांना तें कोणाला सांगितलेलं खपत नसे, म्हणून आम्हीं गप्प.”

गिरणगांवांतल्या असल्या बायका पुढें १९७५ सालीं ‘अन्नपूर्णा महिला मंडळा’मुळें लोकांना दिसूं लागल्या, त्यापूर्वीं तीन पिढ्या त्या चुलीपाशीं होत्या. समजा, १९०१ चा आमच्या खोलीचा तक्ता हातीं लागला असता, तर पणजीच्या धंद्याच्या रकान्यांत काय दिसलें असतें? उत्तर देणारे पणजोबा. ‘कांहीं नाहीं, घरींच असते,’ असेंच ते बोलले असते. इंग्लंडच्या तक्त्यांतहि बायकोच्या धंद्याचा रकाना बहुधा कोराच आढळतो. म्हणजे जो कागद नाहीं म्हणून मी हळहळलों, त्यानें मला फसविलें असतें. आणि ज्या बेरजेंत पूर्वज हरवले असें मी म्हणत होतों, तिनेंच मला पणजीपर्यंत पोंचविलें.

आमचे एक चुलतबंधु घराण्याचा कुळवृत्तान्त छापीत आहेत. खाणावळीची ओळ मीं लिहून पाठविली. त्यांनीं उलट टपालीं कळविलें, “आजोबांना आवडलें नसतें.” माझाच मुद्दा माझ्यावर आला. आजोबांची इच्छा मी मानावी, तर पणजीची कोणती होती हें तिला कोणी विचारलें होतें? आजोबांची लाज कीं पणजीचे कष्ट, दोन मृतांत कोणाची बाजू घ्यावी, याचें उत्तर आमच्या सहाध्यापकांजवळहि नाहीं.

मीं आत्याला पुन्हां विचारलें. ती म्हणाली, “लिही. पण नुसती ‘पणजी’ म्हणून लिहूं नकोस. काशी नांव होतं तिचं.” वंशावळींत त्या जागीं आतांपर्यंत केवळ एक फुली होती. तेवढी दुरुस्ती चुलतबंधूंनीं मान्य केली आहे. खाणावळीविषयीं त्यांचें उत्तर अजून यावयाचें आहे.